आईचं दुहेरी दिसणारं शेत

माझी आई अडुसष्टाव्या वर्षी व्हिडिओ गेम खेळायला लागली, याला मी जबाबदार आहे. पुढे ज्या गोष्टी सांगणार आहे त्या सगळ्यांनाच मी जबाबदार आहे, पण चारचौघांत सांगण्यासारखी त्यातली ही एवढीच.

आम्ही पनवेलचे, म्हणजे आता पनवेलचे. आधी खाडीकडच्या एका गावात होतो. आईचं माहेर मिठागरवाल्यांचं, सासर भातशेतीवाल्यांचं. मिठागरावर पाणी कधी आटलं, मीठ कधी ओढायला झालं, हे नुसतं लांबून बघून सांगणारी मुलगी म्हणून लग्नाआधी तिचं नाव होतं, असं मामा सांगायचे. पुढे जमीन प्रकल्पात गेली, मग वडील गेले, आणि आई आमच्याबरोबर सातव्या मजल्यावर राहायला आली. खिडकीतून कळंबोलीकडे जाणाऱ्या ट्रेलरची रांग दिसते. ती रांग बघणं हा तिचा उद्योग. टीव्हीवरच्या मालिका तिला बघवत नाहीत. ‘सगल्या बाया नटून झोपतान,’ असं तिचं म्हणणं.

मी न्हावा शेव्याच्या बंदरावर ज्यांचं पोट चालतं अशांपैकी एक. बंदरात नाही, पनवेलच्या ऑफिसात बसून कागद तपासतो. कंटेनरचा नंबर, सीलचा नंबर, वजन, तारीख. चार कागदांवर चारही गोष्टी एकसारख्या आहेत की नाही ते बघायचं. एक आकडा इकडचा तिकडे झाला की माल अडकतो. मी तो आकडा पकडतो. वीस वर्षं पकडतोय. ऑफिसात नवीन आलेल्या माणसाला माझ्याकडे बोट दाखवून ‘यांच्या नजरेतून काही सुटत नाही’ असं सांगितलं जातं, आणि मला ते ऐकूच आलं नाही असा चेहरा मी करतो. त्या चेहऱ्याची आता लाज वाटते.

रविवारी सकाळी मी जुने गेम खेळतो. लहानपणी आमच्या वर्गातल्या एकाचे वडील कुवेतला होते, त्याच्या घरी मोहल्ल्यात गेमचं मशीन होतं. तिथे आम्ही आठ-आठ जण बसायचो आणि माझी पाळी यायच्या आत त्याची आई दिवा लावायची वेळ झाली म्हणून सगळ्यांना घरी पिटाळायची. ती राहून गेलेली पाळी मी आता चव्वेचाळिसाव्या वर्षी वसूल करतो. ती जुनी मशीनं आता मिळत नाहीत, मिळाली तर चालत नाहीत. म्हणून एम्युलेटर. एम्युलेटर म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. लॅपटॉपला पटवायचं की बाबा रे, तू तेच मशीन आहेस, आणि मग लॅपटॉप टीव्हीला जोडून जुना गेम मोठ्या पडद्यावर चालवायचा.

त्यात एक शेतीचा गेम होता. एक बाई, एक गाय, एक तुकडा जमीन. नांगरायचं, पेरायचं, पाणी घालायचं. मी खेळत असताना आई मागे सोफ्यावर लसूण सोलत बसली होती. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘पानी कवरं घालतंस? मुळं कुजतील.’

‘आई, गेम आहे हा. त्यात मुळं कुजत नाहीत.’

‘मंग कसली शेती,’ ती म्हणाली, आणि लसणाचं ताट बाजूला ठेवून तिने हात पुढे केला.

गंमत अशी की ती शिकली. पंधरा दिवसांत. कुठलं बटण कशाला हे तिने कधी विचारलं नाही, हाताला आपोआप कळत गेलं. मी रविवारी खेळायचो, ती रोज जेवणं उरकल्यावर तासभर. तिच्या शेतात मुळ्याचे वाफे सरळ रेषेत असायचे, गायीला वेळेवर चारा मिळायचा, आणि घाटावरून आमच्याकडे आलेली माझी बायको तिच्या शेजारी बसून ‘आता कांदा लावा, आत्या’ असले सल्ले द्यायची. मी आईच्या शेताचे फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचो. एकेचाळीस माणसं आहेत त्या ग्रुपवर. सगळ्यांची जमीन गेलेली. ‘काकीचा प्लॉट झकास’ वगैरे उत्तरं यायची. आई ती मला वाचायला लावायची आणि ऐकून ‘येडी हायेत’ म्हणायची, पण दुसऱ्या दिवशी साडी बदलून खेळायला बसायची.

मग श्रावणात मला दुर्बुद्धी सुचली. जुना गेम, जुनं बारीकसं चित्र, मोठ्या टीव्हीवर ते खडबडीत दिसायचं. मी एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र चौपट मोठं मागितलं. रेघा एकदम सुरेख आल्या, पण प्रत्येक वस्तूला शेजारी एक फिकट सावली आली. कुंपण दोनदा, बाई दोनदा, सगळ्यावर धुक्याचा पापुद्रा.

‘ये कुंपन दोनदा कनाला घातलाय?’ आईने विचारलं.

मी ते दुरुस्त करायला तीन रविवार घालवले. इंटरनेटवर वाचून कळलं ते असं, की हा गेम स्वतःच्या चित्राची एक प्रत काढतो आणि ती मूळ चित्रावर हलकेच ठेवतो, ऊन पडल्यासारखी चकाकी यावी म्हणून. मूळ आकारात प्रत बरोबर बसते. चौपट केलं की ती अर्धा ठिपका सरकते, आणि मग सगळं दोन-दोन दिसतं. त्यासाठी एक सेटिंग असतं, पण त्यातले चार पर्याय, त्याला जोडून आणखी सहा गोष्टी, आणि एक नीट केली की दुसरी बिघडते. मी ऑफिसच्या पद्धतीने वही घेतली. एक गोष्ट बंद करायची, आईला विचारायचं, लिहायचं. परत चालू करायची, दुसरी बंद करायची. आई न कंटाळता सांगायची, ‘अजून दोन. आता थोरा कमी. आता परत दोन.’ तिसऱ्या रविवारी दुपारी कुंपण एकावर एक बसलं आणि धुकं गेलं.

‘आता कसा धुतल्यासारखा झाला,’ आई म्हणाली.

मी इतका फुगलो की दोन्ही फोटो, आधीचा आणि नंतरचा, ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, ‘शेवटी नजर लागते.’ हे वाक्य अजून तिथे आहे. ते काढलेलं नाही, ते असू दे.

गणपती आले. घर पाहुण्यांनी भरलं, टीव्हीसमोर मखर उभं राहिलं, गेम बंद. गणपती-गौरी गेल्यावर पहिल्याच रविवारी मी लॅपटॉप परत जोडला. आई बसली, आणि दोन मिनिटांत म्हणाली, ‘परत दोन दिसतान.’

‘काय दोन दिसतंय?’

‘सगला. गाय पन दोन.’

मी बघितलं. गाय एकच होती. मी जवळ गेलो, मांडी घालून टीव्हीपाशी बसलो, कुंपणाचा एकेक खांब बघितला. एकच. सेटिंग उघडलं, वही उघडली, सगळं जागच्या जागी. तरी मी एम्युलेटर काढून परत घातला. तासभर गेला. ‘आता?’

‘दोन.’

इथे मी चिडलो. माझं चिडणं मोठ्या आवाजाचं नसतं, पुराव्याचं असतं, आणि ते जास्त वाईट. मी पडद्यावरच्या चित्राचा फोटो काढला, फोन तिच्या हातात दिला. ‘यात गायी किती आहेत, मोज.’

तिने फोन डोळ्यांसमोर धरला. ‘यात एक हाय.’

‘हाच फोटो आहे ना समोरचा?’

‘हाच हाय. पन त्यात दोन हायेत.’

‘आई, फोटो त्याचाच आहे. यात एक असेल तर त्यात पण एकच असणार. की नाही?’

ती फोनकडे बघायची, टीव्हीकडे बघायची. ऑफिसात असा कागद समोर ठेवला की समोरचा माणूस गप्प होतो. आईही गप्प झाली. तिने गप्प होणं हा मी माझा विजय धरला, आणि वर म्हणालो, ‘तुला खरंच दिसत नाही, का मला कामाला लावायचंय?’

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली होती. आई म्हणाली, ‘नाय रे. एकच हाय. माजाच चुकला.’

त्या वेळी जवळचं तिला एक दिसत होतं आणि लांबचं दोन. एवढी सरळ गोष्ट ती मला सांगत होती, दोन्ही हातांनी दाखवून सांगत होती. मी चार कागदांतला एक आकडा पकडणारा माणूस.

पुढच्या रविवारी मी बघितलं तर तिने खुर्ची ओढून टीव्हीच्या अगदी पुढ्यात घेतली होती. मी ती खुर्ची मागे सरकवली आणि म्हणालो, ‘इतक्या जवळून बघू नकोस, डोळे खराब होतील.’ हे मी म्हणालो. हे लिहायचं की नाही यावर बराच वेळ घालवला, कारण हे घरात फक्त आम्हा दोघांना माहीत आहे आणि ती कुणाला सांगणार नाही.

त्याच आठवड्यात ती जिना उतरताना बायकोचा हात धरायला लागली. बाजारात जायला निघालो तर रस्ता ओलांडायच्या आधी उगाच थांबून राहायची, ट्रेलर लांब असला तरी. मी तिला म्हणालो की सातव्या मजल्यावर बसून बसून तुझी चालायची सवय मोडलीय. ती हो म्हणाली. तोपर्यंत तिला माझ्या सगळ्याला हो म्हणायची सवय झाली होती, आणि मला ती आवडत होती.

चौथ्या रविवारी मी चहाचा कप घेऊन बाहेर आलो तर आई सोफ्यावर ताठ बसून खेळत होती आणि तिने पदराने डावा डोळा झाकला होता. पदराचं टोक कपाळावरून आणून कानामागे खोचलेलं, एक डोळा उघडा, दोन्ही हात बटणांवर. खेळत मात्र झकास होती. बऱ्याच दिवसांनी वाफे सरळ आले होते. मला हसू फुटलं. मी कप ठेवला, फोन काढला आणि चौदा सेकंदांचा व्हिडिओ घेतला.

‘काय करतंस?’ तिने पडद्यावरची नजर न हलवता विचारलं.

‘काही नाही, तुझी शेती.’

तिने खांद्यावरचा पदर नीट केला, फोटोत बरं दिसावं म्हणून. डोळ्यावरचा तसाच ठेवला. मी तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आमची नेमबाज.’ दिवसभर हसणारी तोंडं येत राहिली. कुणीतरी विचारलं, काकी एका डोळ्याने एवढं पिकवते तर दोन डोळ्यांनी किती पिकवेल. मी त्यालाही हसणारं तोंड पाठवलं.

सोमवारी ऑफिसात असताना एक मेसेज आला. ग्रुपवर नाही, फक्त मला. मावशीची सून उरणला चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, तिचा. तिने लिहिलं होतं, ‘भाऊजी, मावशी डोळा झाकून का खेळतायत? दोन-दोन दिसतं का त्यांना? तसं असेल तर आजच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. हे चष्म्याचं काम नाही. साखर पण आहे ना त्यांना?’

मी व्हिडिओ उघडून पुन्हा बघितला. शेजारी माणसं होती म्हणून आवाज बंद केला. आवाज नसला की माझं हसणं नव्हतं, फक्त आई होती. दोन डोळ्यांनी दोन दिसतं, एक झाकला की एक दिसतं, एवढं तिने स्वतःचं स्वतः शोधून काढलं होतं. माझ्या शेजारी बसून तीन रविवार ती हीच पद्धत शिकली होती, एक गोष्ट बंद करून बघायची. तिला उत्तर सापडलं होतं आणि ते तिने माझ्या डोळ्यांसमोर वापरून दाखवलं होतं, आणि मी त्याचं चित्रीकरण करून चाळीस माणसांना वाटलं होतं.

आणि मग मी पहिलं काय केलं? घरी फोन केला नाही. पहिल्यांदा तो व्हिडिओ ग्रुपवरून काढून टाकला. त्यानंतर घरी फोन केला. मधल्या दोन मिनिटांचा हिशेब मला कुणी मागितला नाही.

दुपारी आम्ही डॉक्टरांकडे होतो. बाई माझ्याच वयाच्या, शांत. त्यांनी आईसमोर पेन्सिल धरली. जवळ असताना आई म्हणाली एक. त्या मागे मागे गेल्या, आई म्हणाली दोन. डावीकडे नेली तर दोन पेन्सिलींतलं अंतर वाढलं. मग एक डोळा झाकायला लावला. एक. सगळं मिळून पाच मिनिटं लागली.

‘कधीपासून होतंय हे?’ त्यांनी विचारलं.

आई बोलायच्या आत मी म्हणालो, ‘चार-पाच दिवस झाले.’

का म्हणालो? तीन आठवडे म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की मग इतके दिवस काय करत होतात. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते देण्यासारखं नव्हतं. आईने माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरांकडे बघून म्हणाली, ‘हां, तवरेच.’ डॉक्टरांनी लिहून घेतलं.

त्या म्हणाल्या, डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारा जो स्नायू असतो त्याची नस अशक्त झालीय, साखर वाढली की होतं असं. बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत भरून येतं. पण दुसरं काही नाही ना, यासाठी डोक्याचा स्कॅन करू. ‘लगेच आणलंत, ते बरं केलंत,’ असंही त्या म्हणाल्या. मी मान हलवली. आयुष्यात मी इतकी वाईट मान कधी हलवली नसेल.

स्कॅन स्वच्छ आला. साखरेच्या गोळ्या बदलल्या, डोळ्यावर लावायची पट्टी मिळाली, आज एका डोळ्याला, उद्या दुसऱ्याला. निघताना डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली. ‘माझं पुढचं सगळं आजी काय सांगतात त्यावर चालणार आहे. कमी होतंय, वाढतंय, आहे तसंच आहे, जे असेल ते सांगायचं. कमी होत नसेल तर दुसरं कारण शोधावं लागेल, आणि त्यात उशीर करून चालणार नाही.’

मी बदललो. निदान मला तसं वाटलं. रोज सकाळी कामावर जायच्या आधी आईसमोर बसायचो आणि विचारायचो, आज कसं? दारावरच्या तोरणाकडे बोट दाखवून, किती? वहीही काढली, तीच वही, नवं पान. आई सांगायची, दोन. दोन. थोरा कमी. माझा चेहरा त्या वेळी कसा असायचा मला माहीत नाही, पण बायको एकदा म्हणाली, ‘तुम्ही विचारता का परीक्षा घेता?’ चौथ्या आठवड्यात एका सकाळी आई म्हणाली, ‘आता एकच दिसतं.’

मी आनंदाने तिच्या गुडघ्यावर थाप मारली. ग्रुपवर कळवलं. तिने पट्टी लावणं बंद केलं. रविवारी मी लॅपटॉप जोडून दिला, ती थोडा वेळ खेळली, मान जराशी एका अंगाला वळवून, आणि मग कंटाळा आला म्हणून उठली. मानेचं मला दिसलं होतं. उशी बदलायला हवी, असं मी बायकोला म्हणालो.

ठरल्याप्रमाणे सहा आठवड्यांनी आम्ही परत डॉक्टरांकडे गेलो. मी वही बरोबर नेली होती. डॉक्टर पेन्सिल घेऊन मागे गेल्या.

‘किती?’

आईने आधी माझ्याकडे बघितलं. ‘एक.’

पेन्सिल डावीकडे गेली. ‘आता?’

परत तिने माझ्याकडे बघितलं. ‘एकच.’

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. मला म्हणाल्या, ‘तुम्ही जरा बाहेर बसता?’

बाहेरचा बाक दाराला लागूनच होता, आणि तपासणीची खोली म्हणजे प्लायवूडचा आडोसा. मला सगळं ऐकू येत होतं. उठून लांब जाता आलं असतं. गेलो नाही.

‘आजी, आता सांगा. किती?’

मग आईचा आवाज, ‘दोन.’

‘घरी एक दिसतं असं सांगितलंत ना?’

‘सांगतला. दोन बोलला की तो वही घेऊन बसतो. मंग त्याचा जीव कासावीस होतो. त्याला वाटतं त्याच्या हातून नीट नाय झाला, म्हनून चिडतो. पोटचा हाय, मना कलतं. तुमी नका सांगू त्याला.’

मी गुडघ्यांवर हात ठेवून बसलो होतो. आईचं चुकलं होतं. माझ्या हातून नीट झालं नाही म्हणून मी चिडलो नव्हतो. हिला काय कळतंय, असं मनात होतं म्हणून चिडलो होतो. तिने माझ्यासाठी त्यातल्या त्यात बरं कारण निवडलं होतं आणि त्यावर ती दोन आठवडे डोळ्यांवर पट्टी न लावता, दोन-दोन जिन्यांवरून आणि दोन-दोन ट्रेलरांसमोरून चालली होती.

मी दार ढकलून आत गेलो. बस म्हणायची कुणाची वाट बघितली नाही. म्हणालो, ‘डॉक्टर, मागच्या वेळी मी चार-पाच दिवस म्हणालो होतो. ते खोटं होतं. तीन आठवडे झाले होते तेव्हा. तिने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.’

डॉक्टरांनी आईचा कागद पुढे ओढला. ‘आजी, तुम्ही सांगा. पहिल्यांदा दोन कधी दिसलं?’

आईने या वेळी माझ्याकडे बघितलं नाही.

‘तीन नाय. त्याच्या पन आदी,’ ती म्हणाली. ‘गौरीच्या दिवशी.’

आमच्याकडे गौर एकच बसवतात. बायकोच्या माहेरी, घाटावर, दोन असतात. लग्नानंतर पहिल्या वर्षी त्यावरून दोन्ही घरांत थोडी कुरबूर झाली होती, आणि मग बायकोने आमची रीत धरली ती कायमची.

‘आरतीला मागं उबी व्हते,’ आई डॉक्टरांना सांगत होती. ‘डाव्या अंगाला बगतंय तं दोन गौरी. मना वाटला, सुनेनं यंदा तिच्या माहेरासारख्या मांडल्या. म्हनला, मांडू दे. येवरी वर्सा तिनं आमचाच केला. सनाला कनाला बोलायचा? मी दोगींना हलद-कुकू वायला.’

डॉक्टरांनी जुनी नोंद खोडली आणि गौरीची तारीख विचारली. ती मला सांगता आली. त्या दिवशी आरतीला मी आईच्या शेजारीच उभा होतो.